टेबल-करवतीची कळ व तारा बदलताना

खरिपाच्या पेरणीपूर्वीचे दोन महिने म्हणजे गावच्या सुताराचा सर्वांत धावपळीचा काळ होय. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा ह्या वाशिम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत आज ट्रॅक्टर दिसतो. तथापि डवऱ्याचे जू, वखराची दांडी, तिफणीचा सांगाडा, बैलगाडीची साटी आणि घराची चौकट ह्यांसाठी शेतकऱ्याला अजूनही सुताराच्याच दारी जावे लागते. पूर्वी बाभळीचा वा सागाचा ओंडका दोन माणसे करवतीने दिवसभर चिरीत बसत. आता पुष्कळ सुतारशाळांत विजेवर फिरणारी टेबल-करवत आली आहे, आणि दिवसाचे काम तासाभरात उरकते. ही सोय मोठी आहे, ह्यात शंका नाही.

परंतु ज्या वैशाख-ज्येष्ठात सुताराकडे कामाची गर्दी असते, त्याच दिवसांत वारावादळ सुटते, तारांवर फांद्या पडतात आणि वीज वारंवार जाते-येते. चालू करवत मध्येच थांबते. अर्धी चिरलेली फळी पात्यात अडकून राहते. थोड्या वेळाने वीज परत येते. त्या क्षणी करवतीचे पाते काय करते, हे तिला बसविलेल्या कळीवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात ह्या कळीचा आणि तिच्याशी निगडित असलेल्या तारांचा विचार करावयाचा आहे.

धोका कोठे आहे?

गावात बहुतेक टेबल-करवती स्थानिक लोहाराने वा वेल्डिंगवाल्याने लोखंडी सांगाडा करून, त्यात मोटार व पट्टा बसवून तयार केलेल्या असतात. सांगाडा मजबूत असतो, पातेही चांगले असते. मात्र मोटार चालू करण्यासाठी घरातील दिव्याला लावतात तशी साधी कळ फळकुटावर ठोकून दिलेली आढळते. काही ठिकाणी तर कळही नसते. तारांची टोके सोलून भिंतीवरील सॉकेटात खोचतात व ती निसटू नयेत म्हणून काडीपेटीची काडी बसवितात.

साधी कळ एकदा खाली केली की ती खालीच राहते. वीज गेली तरी तिला त्याची जाणीव नसते. सुतार करवत थांबली म्हणून फळी ओढू लागतो, पात्याभोवती साचलेला भुसा बोटांनी काढू लागतो, किंवा चहा घेण्यास बाहेर जातो आणि त्याचे लहान मूल टेबलापाशी येऊन उभे राहते. कळ खालीच आहे, ह्याचा सर्वांना विसर पडलेला असतो. वीज येताच पाते काही पूर्वसूचना न देता पूर्ण वेगाने फिरू लागते. हात त्या जागी असेल तर बोटे जातात. हात नसला, पण फळी पात्यात दाटून बसलेली असली, तर पाते ती उचलून उलट फेकते व समोर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीस वा पोटास मार लागतो.

म्हणून करवतीच्या कळीकडून दोन गोष्टींची अपेक्षा धरावयास पाहिजे. वीज गेली असता ती आपोआप सुटावी; आणि वीज परत आल्यावर माणसाने जाणूनबुजून बटण दाबल्याखेरीज पाते फिरू नये. अमेरिकेत लाकूडकामाच्या यंत्रांसाठी जे सुरक्षा-नियम आहेत, त्यांत खंडित वीजपुरवठा पूर्ववत झाल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊन इजा होण्याचा संभव असल्यास तसे ते सुरू होणार नाही अशी व्यवस्था करावी, असे स्पष्ट सांगितले आहे. तेथील नियम असो वा आपल्या गावची सुतारशाळा असो, पात्याचे दात सारखेच. आणि आपल्याकडे वीज जाण्या-येण्याचे प्रसंग तर अधिकच.

पंपावरील सवय करवतीवर नको

ही व्यवस्था करण्यासाठी काही नवे किंवा दुर्मिळ यंत्र आणावयाचे नाही. आपल्या विहिरीवरील पंपाचा स्टार्टर प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. त्याचे हिरवे बटण दाबले की आतील कॉइलमधून वीज वाहते, कॉइलचे लोहचुंबक बनते आणि ते संपर्काच्या पट्ट्या आपल्याकडे ओढून धरते. बोट काढून घेतले तरी कॉइल त्या पट्ट्या धरूनच ठेवते व मोटार चालू राहते. वीज गेली की लोहचुंबकाची शक्ती नाहीशी होते, स्प्रिंग पट्ट्यांना मागे लोटते व स्टार्टर सुटतो. पुन्हा वीज आली तरी हिरवे बटण दाबीपर्यंत मोटार बंदच राहते. करवतीला नेमके हेच हवे आहे.

अडचण निराळीच आहे. शेतीपंपांना वीज ठराविक तासच मिळते, आणि ती पुष्कळदा रात्री येते. बटण दाबण्यासाठी अंधारात शेतात जावे लागू नये म्हणून अनेक शेतकऱ्यांनी पंपाच्या स्टार्टरला ऑटोस्विच जोडले. वीज आली की ऑटोस्विच हिरव्या बटणाचे काम स्वतःच करतो. एका रोहित्रावरील सारे पंप एकदम सुरू झाल्याने रोहित्रावर अकस्मात भार पडून ते जळते. म्हणून ऑटोस्विच काढून पंपास कपॅसिटर बसवावा, असे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना वारंवार करीत आले आहे. पंपाच्या बाबतीत ह्या सवयीने रोहित्राचे नुकसान होते. करवतीच्या बाबतीत माणसाचे. पंपावरून काढलेला जुना स्टार्टर सुतारशाळेत आणून बसविताना त्याच्याबरोबर ऑटोस्विचही येतो, असे घडू शकते. तो प्रथम काढून टाकावा.

दुसरी एक सवयही सोडावयास पाहिजे. विजेचा दाब कमी असला की कॉइल पट्ट्या धरीत नाही व स्टार्टर वरचेवर सुटतो. अशा वेळी हिरवे बटण दोरीने बांधून ठेवतात किंवा लाकडी पाचर मारतात. असे केल्याने स्टार्टर असूनही नसल्यासारखा होतो आणि साध्या कळीचा सर्व धोका परत येतो. शिवाय कमी दाबावर मोटार अधिक प्रवाह ओढते व तापते. म्हणजे स्टार्टर सुटत होता तो मोटार वाचविण्यासाठीच.

कळ बदलण्याची वेळ कशी ओळखावी?

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास दुरुस्ती लांबणीवर टाकू नये. कळ हातास गरम लागणे. बंद करताना आत ठिणगी दिसणे वा चटचट असा आवाज होणे. दोन-तीनदा दाबल्यावर करवत सुरू होणे. कळीतून जळका वास येणे. तारेवरील आवरण कडक होऊन त्यास भेगा पडणे. तारेस मध्येच चिकटपट्टी गुंडाळलेले सांधे असणे. आणि टेबलाच्या लोखंडी पत्र्यास हात लागला असता झिणझिण्या येणे. शेवटचे लक्षण दिसल्यावर त्या करवतीवर एकही फळी चिरू नये.

कळ अशी का बिघडते, हेही समजून घेणे उपयुक्त आहे. दिव्याची कळ साधारणतः ६ अँपिअरची असते. दोन अश्वशक्तीची एकफेजी मोटार पूर्ण भारावर सुमारे ११ अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर तिच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. इतक्या प्रवाहाने कळीच्या लहान पट्ट्या जळून खडबडीत होतात, त्यामुळे त्या अधिक तापतात, आणि तापल्याने अधिक जळतात. त्यातच भुसा कळीत शिरतो. बारीक कोरडा भुसा व ठिणगी ह्यांची गाठ पडल्यास सुतारशाळेस आग लागण्यास उशीर लागत नाही. जळालेल्या पट्ट्या कानशीने घासून पुन्हा वापरू नयेत. त्या बदलाव्यात किंवा संपूर्ण कळच नवी घ्यावी.

काम कोणी करावे?

विजेची जोडणी परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत, परवाना असलेल्या तारतंत्र्याकडून करून घ्यावी, असा नियम आहे. वीजतंत्री व तारतंत्री हे अभ्यासक्रम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकविले जातात, आणि तेथून शिकून आलेले तरुण आता आसपासच्या गावांत मिळू शकतात. सुताराने स्वतः जोडणी करू नये. तथापि, काय करून घ्यावयाचे आणि झालेले काम कसे पारखून घ्यावयाचे हे करवतीच्या मालकास ठाऊक असलेच पाहिजे. कारण तारतंत्री काम संपवून घरी जातो, पात्यासमोर उभे राहावे लागते ते सुतारास. पुढील माहिती ह्याच दृष्टीने दिली आहे.

साहित्याची निवड

बाजारात जाण्यापूर्वी मोटारीवरील धातूची पाटी पुसून वाचावी व तिच्यावरील अश्वशक्ती, व्होल्ट, अँपिअर आणि फेज हे आकडे कागदावर उतरून घ्यावेत. एकफेजी मोटारीवर बहुधा २३० व तीनफेजीवर ४१५ व्होल्ट असे लिहिलेले असते. तीन अश्वशक्तीची तीनफेजी मोटार सुमारे ५ अँपिअर घेते. परंतु अंदाजावर न जाता पाटीवरील आकडाच प्रमाण मानावा.

स्टार्टर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, कॉइलचा दाब. २३० व्होल्टची कॉइल ४१५ व्होल्टवर जोडली तर जळते. ४१५ व्होल्टची कॉइल २३० वर पट्ट्या ओढीतच नाही. दुसरी, ओव्हरलोड रिले. मोटारीच्या पाटीवरील अँपिअरचा आकडा रिलेच्या किमान व कमाल आकड्यांच्या दरम्यान येईल असाच रिले घ्यावा आणि तो पाटीवरील आकड्यावर लावावा. वरचेवर सुटतो म्हणून रिले वाढवून ठेवला की मोटारीचे संरक्षण संपले. तिसरी, पेटी. भुसा आत शिरणार नाही अशी, झाकणास रबराची कड असलेली बंद पेटी घ्यावी आणि तार आत शिरते तेथे घट्ट ग्लँड बसवून घ्यावी.

तीनफेजी मोटारीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कॉइल दोन फेजांवर चालते. तिसरा फेज गेला तरी कॉइल पट्ट्या धरूनच ठेवते. मोटार गुरगुरते, तापते व जळते. रिले काही वेळाने सुटतो; पण फेज जाताच मोटार बंद करणारे सिंगल-फेज प्रिव्हेंटर बसविले तर मोटार अधिक सुरक्षित राहते.

स्टार्टरच्या अलीकडे, भिंतीवर, योग्य क्षमतेचा एमसीबी असावा. दोन अश्वशक्तीच्या एकफेजी मोटारीस १६ अँपिअरचा, मोटारीसाठी वापरतात तो सी प्रकारचा एमसीबी चालतो. त्याच्या जोडीस ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अवश्य घ्यावा. विजेची गळती माणसाच्या अंगातून जमिनीकडे होऊ लागली की तो सेकंदाच्या अल्पांशात पुरवठा तोडतो. जुन्या फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार घालून काम भागविण्याची पद्धत सर्वस्वी त्याज्य होय.

तारेची जाडी व लांबी

तार ही विजेची पाटचारी आहे. पाटचारी अरुंद व लांब असेल तर शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही, तद्वत बारीक व लांब तारेतून मोटारीपर्यंत पूर्ण दाब पोहोचत नाही. अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा विरोध एक किलोमीटरला सुमारे साडेसात ओहम असतो. मीटरपासून करवत २० मीटर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर तार होते व तिचा विरोध ०.३ ओहम. अकरा अँपिअरला सुमारे ३ व्होल्ट दाब कमी होईल. हे चालण्यासारखे आहे. हेच अंतर ६० मीटर झाले तर विरोध ०.९ ओहम होतो. चालू मोटारीस १० व्होल्ट कमी मिळतील. पण सुरू होताना ६० अँपिअर ओढले गेल्यास ५४ व्होल्ट तारेतच खर्च होतील आणि मोटारीच्या वाट्यास १७६ येतील. दाब असा उतरला की मोटारीचा सुरुवातीचा जोर अदमासे तीन-पंचमांशावर येतो. मोटार गुरगुरत राहते, कॉइल सुटते आणि मालक स्टार्टरला दोष देतो.

म्हणून २० मीटरपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची तार पुरेशी समजावी आणि अंतर अधिक असल्यास चार किंवा सहा चौरस मिलिमीटरची घ्यावी. एकफेजी मोटारीस तीन पदरी तार लागते : फेज, न्यूट्रल व अर्थिंग. तीनफेजी मोटारीस तीन फेज व अर्थिंग मिळून चार पदर लागतात. हिरवा, किंवा हिरवा-पिवळा पदर केवळ अर्थिंगसाठीच राखून ठेवावा. तार जमिनीवर भुशातून लोळत जाऊ देऊ नये. उंदीर ती कुरतडतात व फळ्यांच्या ओझ्याखाली ती चिरडते. भिंतीवरून नळीत घालून न्यावी, आणि मधे कोठेही सांधा ठेवू नये.

जोडणीपूर्वी

प्रथम मुख्य कळ बंद करावी. एमसीबी असेल तर तो बंद करून त्याला कुलूप लावावे. जुने फ्यूज असतील तर ते काढून, काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावेत. ‘काम चालू आहे, कळ लावू नये’ अशी ठळक अक्षरांची पाटी तेथे टांगावी. वीज गेलेली आहे म्हणून मुख्य कळ न काढताच काम करणे हा आत्मघात होय. गेलेली वीज केव्हा येईल ते कोणासही सांगता येत नाही.

त्यानंतर तारांत वीज नाही ह्याची खात्री करावी. टेस्टर आधी चालू वीज असलेल्या जागी लावून तो पेटतो हे पाहावे, मग बंद केलेल्या तारांवर लावावा, आणि शेवटी पुन्हा चालू जागी लावून पाहावा. बिघडलेला टेस्टर ‘वीज नाही’ असेच सांगतो, म्हणून ही तीन पायऱ्यांची रीत आहे. एकफेजी मोटारीवरील कपॅसिटर वीज बंद झाल्यावरही भार साठवून ठेवतो. त्याची दोन टोके पेचकसाने न जोडता, होल्डरमध्ये बसविलेल्या साध्या काचेच्या बल्बच्या तारा काही सेकंद त्यांना लावून तो रिकामा करावा.

मोटारीचा पट्टा उतरवून ठेवावा. पाते मोटारीच्या दांड्यावरच बसविलेले असल्यास पाते काढून ठेवावे. जोडणी पूर्ण होऊन चाचणी होईपर्यंत पाते फिरण्याचा संभवच उरू नये. जुन्या तारा सोडण्यापूर्वी कोणती तार कोठे आहे ह्याची आकृती काढावी व प्रत्येक तारेला खुणेची पट्टी बांधावी.

जोडणी

स्टार्टर कोठे बसवावा, हा प्रश्न तो कसा जोडावा ह्याइतकाच महत्त्वाचा आहे. सुतार ज्या बाजूने फळी लोटतो त्याच बाजूस, टेबलाच्या पुढील अंगास, कमरेच्या उंचीवर तो असावा. बंद करण्यासाठी पात्यावरून हात न्यावा लागता कामा नये. दोन्ही हात फळीवर असताना मांडीने वा गुडघ्याने दाबता येईल असे मोठे, वर आलेले लाल बटण असावे. हिरवे बटण मात्र खोलगट असावे, म्हणजे फळीचा धक्का लागून ते दाबले जाणार नाही. स्टार्टर भिंतीवरच ठेवावयाचा असल्यास लाल व हिरव्या बटणांची वेगळी पेटी टेबलास बसवून ती स्टार्टरशी जोडता येते. १९४८ च्या कारखाना कायद्यातही अडचणीच्या प्रसंगी चालू यंत्राचा पुरवठा तोडण्याचे साधन प्रत्येक कामाच्या खोलीत असावे, अशी तरतूद होती. लहान सुतारशाळेस तो कायदा लागू असो वा नसो, त्यामागील शहाणपण सर्वांनाच लागू आहे.

तारांची टोके पिळून तशीच स्क्रूखाली घालू नयेत. टोकास योग्य मापाची पितळी अथवा तांब्याची लग दाबून बसवावी, म्हणजे करवतीच्या कंपाने तार सैल होत नाही. फेजची तार स्टार्टरमधूनच गेली पाहिजे. केवळ न्यूट्रल तोडणारी कळ मोटार थांबविते, पण मोटारीत वीज तशीच राहते. पेटीतून जाणारी तार कडेला घासणार नाही आणि ओढली गेली तरी स्क्रूवर ताण येणार नाही, असे पाहावे.

अर्थिंग व काळी जमीन

टेबलाचा सांगाडा, मोटार व स्टार्टरची पेटी ही तिन्ही हिरव्या तारेने जोडून ती तार अर्थिंगच्या नळापर्यंत अखंड न्यावी. न्यूट्रलची तार सांगाड्यास जोडून अर्थिंगचे काम भागवू नये. न्यूट्रल कोठे तुटला तर सारे टेबल विजेने भारले जाते.

अर्थिंगसाठी साधारणतः ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जस्तलेपित नळ जमिनीत उभा पुरतात. आपल्या जिल्ह्यातील काळ्या जमिनीचा एक विशेष येथे ध्यानात घ्यावा. पावसाळ्यात ही जमीन फुगते व नळाला घट्ट बिलगते. उन्हाळ्यात ती आकसते, भेगाळते व नळापासून सुटते. म्हणजे सुताराच्या कामाचा भर असतो नेमका तेव्हाच अर्थिंग दुबळे होते. म्हणून नळाभोवती कोळसा व मीठ ह्यांचा थर द्यावा, वर लहान हौद बांधून झाकण बसवावे आणि चैत्रापासून पाऊस पडेपर्यंत आठवड्यातून दोनदा त्यात पाणी ओतावे. वर्षातून एकदा तारतंत्र्याकडून अर्थिंग मोजून घ्यावे. आरसीसीबी बसविला म्हणून अर्थिंगची गरज संपत नाही, दोन्ही पाहिजेत.

चाचणी

काम संपल्यावर मालकाने तारतंत्र्यास तेथेच थांबवून पुढील चाचण्या आपल्या डोळ्यांदेखत करून घ्याव्यात.

एक : पुरवठा जोडण्यापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगरने मोटार व तारांचे आवरण तपासावे. वाचन एक मेगओहमपेक्षा कमी आल्यास वीज जोडू नये.

दोन : पट्टा अथवा पाते न लावता मोटार सुरू करून ती कोणत्या दिशेने फिरते ते पाहावे. सुतार उभा राहतो त्या बाजूचे दात वरून खाली येत असले पाहिजेत. उलट फिरणारे पाते फळी ओढून नेते, व त्याची चाकी सैल होऊन पाते सुटण्याची भीती असते. तीनफेजी मोटारीत दिशा बदलण्यासाठी कोणत्याही दोन फेजांच्या तारांची अदलाबदल करावी. हे काम अर्थात पुन्हा मुख्य कळ बंद करूनच.

तीन : लाल बटण हाताने व मांडीने दाबून मोटार दोन्ही प्रकारे बंद होते का ते पाहावे.

चार : ही चाचणी सर्वांत महत्त्वाची. पाते बसवून, आवरण लावून, फळी न ठेवता करवत सुरू करावी. ती चालू असताना भिंतीवरील मुख्य कळ बंद करावी. पाते पूर्ण थांबू द्यावे. सर्वांनी दूर उभे राहावे आणि मुख्य कळ पुन्हा चालू करावी. पाते निश्चल राहिले तर कळ उत्तम. पाते तसूभरही हलले तर जोडणी चुकली आहे. ती दुरुस्त झाल्याखेरीज काम ताब्यात घेऊ नये.

पाच : पंधरा मिनिटे लाकूड चिरून, करवत व मुख्य कळ बंद करून, तार व स्टार्टरची पेटी हाताने चाचपावी. एखादी जागा विशेष गरम असल्यास तेथील स्क्रू सैल आहे असे समजावे.

आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे, आणि चौथी चाचणीही दरमहा करावी. तिला पैसा लागत नाही. दोन मिनिटे लागतात.

पात्यापाशी

विजेचे काम चोख झाले तरी पात्याचे दात बोथट होत नाहीत. पात्यावरील आवरण व पात्यामागील फाळपट्टी काढून ठेवू नये. चिरलेली फळी पाते दाबून धरू नये म्हणूनच ती पट्टी असते. अरुंद तुकडा लोटण्यासाठी हाताऐवजी खाचेची काठी वापरावी. उपरणे, सैल बाह्या व हातातील कडे पात्यापाशी नकोत. वीज गेली की प्रथम लाल बटण दाबावे, मग भिंतीवरील कळ बंद करावी, आणि त्यानंतरच फळीला हात लावावा. स्टार्टर चांगला असला तरी ही सवय ठेवावी. कॉइलच्या पट्ट्या कधी तरी जळून चिकटू शकतात.

अपघात घडल्यास

कोणास विजेचा धक्का बसून तो चिकटला असेल तर त्याला हात लावू नये. प्रथम मुख्य कळ बंद करावी. ती दूर असल्यास कोरड्या लाकडाने तार दूर करावी. श्वास थांबला असेल तर, येत असल्यास, छातीवर दाब देण्याचा उपचार त्वरित सुरू करावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बोट तुटले असल्यास जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात घालू नये. ते रुग्णाबरोबरच न्यावे. विजेच्या अपघाताची माहिती विद्युत निरीक्षकास देण्याची तरतूद २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १६१ मध्ये आहे. ती लपवून ठेवू नये. तुटलेल्या तारा वा पुरवठ्यातील दोष ह्यांविषयी महावितरणला १९१२ ह्या क्रमांकावर कळविता येते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

वरील सर्व विवेचन टेबल-करवतीस धरून केले असले तरी कडबा-कुट्टीचे यंत्र, मळणीयंत्र, पिठाची चक्की व विजेचा रंधा ह्यांनाही तेच लागू पडते. मळणीयंत्रांवरील अपघातांत हात गमावलेल्या शेतकऱ्यांचा प्रश्न इतका गंभीर झाला की १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. कायदा शहरात होतो. बटण गावात दाबले जाते. कडबा-कुट्टी तर घराच्या अंगणात, स्त्रिया व मुले ह्यांच्या वावरण्याच्या जागी असते. तिच्यावर साधी कळ असणे हे करवतीपेक्षाही अधिक चिंतेचे आहे.

खर्चाची अडचण पुष्कळदा पुढे केली जाते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व सवलतीच्या दराने कर्ज ह्यांची तरतूद केलेली आहे. आपल्या गावातील पात्र सुतारांपर्यंत ही माहिती कार्यकर्त्यांनी पोहोचवावी.

त्याहून सोपे काम मात्र आजच करता येईल. मृग लागण्यापूर्वी गावातील प्रत्येक सुतारशाळेत व कडबा-कुट्टीपाशी जावे आणि मालकासमोर चौथी चाचणी करून दाखवावी. वीज घालवून परत आणली असता पाते वा चाक आपोआप फिरू लागले, तर आणखी काही सांगण्याची आवश्यकता राहत नाही. पाहणाऱ्यास त्या यंत्राची कळ बदलण्याचे कारण स्वतःच उमगते. अशा सर्व यंत्रांची गावनिहाय यादी करून ठेवावी, ज्यांची दुरुस्ती झाली त्यांच्यापुढे खूण करावी, आणि उरलेल्यांकडे पेरणीच्या आत पुन्हा एकदा जावे.